गुलमर्ग व्हाया बामणोली

एक कन्फेशन आधीच करून टाकते. हा कॉलम खरं तर गुलमर्गहून येणार होता. डोळ्यांवर ते मोठ्ठाले गॉगल्स, पायांना बांधलेल्या दोन लांब फळ्या आणि मागे बर्फच बर्फ, असा फोटो मी मनातल्या मनात काढूनही ठेवला होता. फोटोखालची ओळसुद्धा तयार होती. फक्त बर्फ, फळ्या आणि सोबतचे पाच जण तेवढे नव्हते.

झालं असं, की दिवाळीत आमच्या कॉलेजच्या गँगने स्कीइंगला जायचं ठरवलं. 'गुलमर्ग फायनल' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. (ज्या ग्रुपच्या नावात 'फायनल' असतं, तो प्लॅन कधीच फायनल होत नाही, हे मला आता लिहून ठेवायला हवं.) पहिले पंधरा दिवस नुसती धमाल. कोणी गंडोलाचे व्हिडिओ टाकतंय, कोणी थर्मल इनरच्या लिंक्स. गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या खांद्यावर जवळपास चार हजार मीटर उंचीपर्यंत जाता येतं, ही माहिती आमच्यातल्या प्रत्येकाने किमान एकदा, आपणच शोधून काढल्याच्या थाटात टाकली. मग एकाचं अप्रेझल आलं. एकीच्या नणंदेचं लग्न निघालं. एकाने फ्लॅट बुक केला आणि ईएमआय नावाचा नवा मेंबर ग्रुपमध्ये आला. उरलेल्या दोघांनी 'यंदा बर्फच कमी आहे म्हणे' असं कारण दिलं. आता हे कारण अगदीच खोटं नाही, जानेवारी २०२४मध्ये ऐन सीझनला गुलमर्गची मैदानं पिवळी पडलेली आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलीयत आणि २०२५मध्ये तर बर्फाअभावी तिथले हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले. पण आमच्या त्या दोघांना हवामानबदलाची एवढी काळजी अचानक कधीपासून वाटायला लागली, हा प्रश्न मी विचारला नाही.

फ्रीलान्सर असण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे रजेचा अर्ज करावा लागत नाही. आणि तोटा म्हणजे रजेचा पगार मिळत नाही. काश्मीरसाठी मी चार दिवस मोकळे ठेवले होते, त्या चार दिवसांची कामं नाकारून झाली होती. आता घरी बसून करणार काय? संक्रांतीनंतरचा आठवडा, मी पुण्याहून सांगलीला आलेली, आई तिळाच्या वड्यांचे डबे भरतेय आणि दर दोन डब्यांमागे एका स्थळाची माहिती देतेय... अशा वेळी माणूस नकाशा उघडतो.

सांगलीत राहणाऱ्याला डोंगर म्हणजे पश्चिम. आमच्याकडे सगळं सपाट. ऊस, हळद, द्राक्षं आणि कृष्णा. पण पश्चिमेकडे बोट सरकवत गेलं की शिराळा, मग चांदोली, थोडं वर सरकलं की पाटण, कोयना आणि त्याच्याही वर सातारा जिल्ह्यात कोयनेच्या धरणामागे पसरलेला शिवसागर. त्याच्या काठावर तापोळा. आणि तापोळ्याला काय म्हणतात ठाऊक आहे? महाराष्ट्राचं मिनी काश्मीर!

म्हटलं, चला. काश्मीर ते काश्मीर. मिनी तर मिनी. तापोळ्याला महाबळेश्वरवरून जातात आणि तिथे हनिमूनवाल्यांची गर्दी, म्हणून मी त्याच तलावाच्या काठचं बामणोली निवडलं. साताऱ्याहून कासमार्गे पस्तीस-चाळीस किलोमीटर. तिथून बोटीने पाणी ओलांडायचं, पलीकडच्या जंगलातून वासोटा चढायचा आणि संध्याकाळच्या आत परत. दोन रात्री, एक किल्ला, एकटी.

हा 'एकटी' शब्द मी जेवताना सहज बोलल्यासारखा बोलून गेले. आईने भाकरी थापता थापता मागे वळून पाहिलं. ''एकटी म्हणजे? कोण कोण?'' हा प्रश्न पुढचे तीन दिवस वेगवेगळ्या स्वरांत मला इतक्यांदा विचारला गेला, की मी शेवटी मोजायला लागले. अकरा. बरोब्बर अकरा वेळा.

बाबा मात्र वेगळंच बोलले. ''बामणोली. म्हणजे धरणाच्या पाठीमागं ना?''

''हो.''

''हं,'' म्हणाले आणि ताटातला ठेचा नीट एका कडेला सारत बसले.

आता या 'हं'बद्दल सांगायलाच हवं. आमचं घर गावभागात. तळमजला. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांपर्यंत चढली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला ओटा पाण्याखाली होता. या पुलावर चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका. म्हणजे सत्तावन्न म्हणजे काय, ते तुमचं तुम्हीच ठरवा. मी तेव्हा पुण्यात, नवीकोरी नोकरी, फोन लागत नव्हता. आई-बाबांना शेजारच्यांनी वरच्या मजल्यावर घेतलं, तिथून दुसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर मी पोहोचले, तेव्हा बाबा अंगणात एका पाटावर बसून कॅसेट्स पुसत होते. नाट्यसंगीताच्या. तीस वर्षं जमवलेल्या. एकेक कॅसेट उघडून फडक्याने चिखल पुसायचा आणि उन्हात मांडायची. त्यातली एकही वाजणार नाही, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. दोघंही काही बोललो नाही. दुपारभर पुसत बसलो.

तेव्हापासून पावसाळ्यात बाबांची सकाळ चहाने सुरू होत नाही, आकड्यांनी होते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, पुलाजवळ किती फूट, अलमट्टीचे दरवाजे उघडे की बंद. कोयनेची साठवण क्षमता एकशे पाच टीएमसी आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुमच्याकडे आजी स्तोत्र म्हणत असेल, आमच्याकडे सकाळी सहाला टीएमसी म्हणतात. पण ज्या पाण्याचे आकडे एवढे पाठ, ते पाणी बाबांनी कधी पाहिलेलं नाही. मीही नाही. आपल्याला नदी माहीत असते ती आपल्या घाटापुरती.

शनिवारी पहाटेची एसटी पकडली. पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज... हायवे लागला की खिडकीबाहेर ढाबे आणि कारखान्यांच्या उसाच्या ट्रॉल्या. बायकांना एसटीत २०२३पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बसमध्ये बायकाच बायका, आणि सगळ्या कुठल्या ना कुठल्या कामाला. लेकीकडे, दवाखान्यात, लग्नाला, बाजाराला. कंडक्टरने माझी सॅक बघून विचारलं, ''ट्रेकिंगला व्हय? बाकीची मंडळी कुठं हायत?'' (प्रश्न क्रमांक दोन.)

साताऱ्यात उतरले, स्टँडसमोर चहा मारला, पाव किलो कंदी पेढे सॅकमध्ये टाकले आणि बामणोलीची गाडी धरली. यवतेश्वरचा घाट चढला की सातारा शहर खाली अख्खं दिसतं, अजिंक्यताऱ्यासकट. वर कास. आता कास म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सप्टेंबर येतो. फुलं आणि फुलांपेक्षा जास्त गाड्या. २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून फुलांच्या सीझनला तिथे जायचं म्हणजे ऑनलाइन बुकिंग वगैरे. पण कासला जानेवारीत जाऊन बघा. एक माणूस नाही. सगळं पठार वाळलेल्या गवताने सोनेरी, मध्येच काळा कातळ उघडा पडलेला, आणि वारा असा की खिडकीची काच आपोआप थरथरते. मला तर हेच जास्त आवडलं. गवताचा तो लांबच लांब उतार बघून मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या बसल्या मनातल्या मनात दोनदा स्कीइंग करून घेतलं.

आणि मग घाट उतरताना, एका वळणावर, डावीकडे खाली ते पाणी आलं.

मी काय अपेक्षा केली होती कुणास ठाऊक. काहीतरी खवळलेलं, राखाडी, आमच्या २०१९सारखं. हे तर निळंशार. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं, शांत, गोडुलं. पन्नासेक किलोमीटर लांबीचा तलाव आणि एक लाट नाही. मला उगाचच राग आला. म्हणजे, इतकं सुंदर दिसायची काय गरज होती?

बामणोलीत राहायची सोय एका घरात केली होती. मागे दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, अंगणातून थेट पाणी दिसतं. घरातल्या मावशींनी सॅक हातातून घेतली, आणि प्रश्न क्रमांक चार विचारला. मी हो म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ''बरं केलं. माज्या लेकीलापण सांगते मी, जा कुटंतरी. ती नवऱ्याला इचारते.'' मग तांदळाची भाकरी, तव्यावरचा मासा आणि पिठलं. नेटवर्क फक्त अंगणातल्या आंब्याखाली, तेही एक कांडी. संध्याकाळी त्या आंब्याखाली उभं राहून आईला 'पोचले, जेवले, दाराला आतून कडी आहे' असा तीन कलमी अहवाल दिला.

आता लोचा ऐका. वासोट्याला जायचं तर बोट लागते आणि बोटीला माणशी तिकीट नसतं, अख्खी बोट घ्यावी लागते. दहा-बारा जणांत ती कुणालाच जड जात नाही. एकटीला? माझ्या एका अख्ख्या लेखाचं मानधन पाण्यात. अक्षरशः. सोलो ट्रिपवर एवढे ब्लॉग, एवढी रील्स, 'स्वतःला शोधा' वगैरे... पण स्वतःला शोधायला जाताना बोटीचे पैसे कोणी भरायचे, हे कोणी सांगत नाही.

रविवारी सकाळी सातला धक्क्यावर गेले. पाण्यावर धुकं, हात खिशातून बाहेर काढवत नव्हते, हवा खरोखर काश्मीरसारखी. (काश्मीरला मी गेलेली नाही, पण तुम्ही विश्वास ठेवा.) तिथे तीन पार्ट्या. एक पुण्याचा आयटीवाला ग्रुप, एकसारखे टी-शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव आणि टीम बिल्डिंगचं काहीतरी घोषवाक्य. बोट फुल्ल. दुसरं एक जोडपं, त्यांच्याकडे बघूनच मी नजर वळवली. आणि तिसरी पार्टी कऱ्हाडच्या आठ निवृत्त मंडळींची. चार काका, चार काकू, माकडटोप्या, स्वेटर, आणि एका पिशवीत निव्वळ डबे. मी धीर करून विचारलं. त्यातल्या सगळ्यात उंच काकांनी म्हटलं, ''एकटीच का?'' (सहा.) आणि माझं उत्तर यायच्या आत एका काकूंनी, ''अहो, असेना! वजन किती तिचं? चढ गं तू,'' म्हणून मला हाताला धरून बोटीत घेतलं. माझा सोलो ट्रेक असा नवव्या नंबरच्या सीटवरून सुरू झाला.

बामणोलीत वनखात्याचा परवाना काढायचा, ओळखपत्र दाखवायचं आणि निघायचं. पलीकडे मेट इंदवलीला पोहोचायला तास-सव्वा तास लागतो. बोट चालवणारे मामा पन्नाशीचे. कऱ्हाडकर काका-काकू भजनाच्या मूडमध्ये होते, त्यामुळे मी मागे मामांशेजारी जाऊन बसले. कुठली म्हणून विचारलं, सांगली म्हटलं. मामा हसले.

''म्हंजे आमच्या धरणाला शिव्या देनाऱ्या गावच्या तुमी!''

मी म्हटलं, हो, घरात पाणी आलं होतं आमच्या. ओट्यापर्यंत. माझ्या आवाजात थोडी धार आली असावी, कारण मामांनी इंजिनचा आवाज कमी केला.

''वाईटच झालं,'' म्हणाले. मग थोड्या वेळाने, पाण्याकडे हनुवटी दाखवत, ''आमचा पूर साठ-बासष्ट सालात आला. त्यो अजून वसरला न्हाई.''

आम्ही ज्या जागेवरून जात होतो, तिथे खाली शेतं होती. भाताची खाचरं, विहीर, देऊळ. मामांचा जन्म नंतरचा, त्यांनी ते पाहिलेलं नाही, पण आजीने बोटाने दाखवून ठेवलेलं त्यांना पाठ आहे. इथे चावडी, इथे वड, इथून आपली पायवाट. धरण बांधलं तेव्हा कोयनाकाठची गावंच्या गावं उठली. कोणी डोंगरात वर सरकलं, कोणाला लांब जमिनी दिल्या. सोलापूरकडे, कोकणात, ठाण्याकडे. ''माजा चुलता तुमच्याच जिल्ह्यात गेला. सांगलीत. तिकडं खाली दिलीवती जमीन.'' धरणग्रस्तांचे कागद अजून पुरे झालेले नाहीत. २०१८मध्ये कोयनानगरला ही मंडळी कित्येक दिवस ठिय्या देऊन बसली होती, तेव्हा बातमीत वाचलं होतं मी. वाचलं होतं आणि पुढच्या बातमीकडे गेले होते. आमच्याकडे पूर आला तेव्हा मात्र देशभरातून चॅनलवाले आले.

बोलायला काही सुचेना. कंदी पेढ्यांचा पुडा काढला आणि मामांना दिला. त्यांनी एक घेतला, एक पाण्यात टाकला. का, ते मी विचारलं नाही.

या पाण्याचा एक मजेशीर भाग असा, की ते दोन्ही बाजूंना जातं. नदी म्हणून ते दक्षिणेला वाहतं, हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळतं, कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि मग आमच्याकडे येतं. पण यातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात पोफळीकडे सोडतात आणि त्याच्यावर वीज करतात. म्हणजे तुम्ही ऑफिसात एसी सोळावर ठेवून स्वेटर घालून बसता ना, त्यातला थोडा गारवा मामांच्या आजीच्या विहिरीवरून येतो.

पलीकडे उतरल्यावर वनखात्याच्या चौकीत सॅक उघडून प्लास्टिकची मोजदाद. किती बाटल्या, किती पुडे, परत येताना तेवढे दाखवायचे. काकूंच्या डब्यांची पिशवी बघून गार्डने हात जोडले. मग ओढा, ओढ्याजवळ गणपती आणि मारुती, आणि तिथून थेट जंगल. हे कोयना अभयारण्य. २०१०मध्ये कोयना आणि आमची चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ नावाला, असं बरीच वर्षं लोक म्हणायचे. २०२५च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली, तेव्हापासून म्हणायचे कमी झालेत. आणि वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड! ही माहिती मी आदल्या रात्री आंब्याखाली वाचली होती. वाचायला नको होती.

कऱ्हाडकर मंडळी अपेक्षेपेक्षा भारी निघाली. पहिल्या तासातच त्यांनी मला मागे टाकलं. रोज सकाळी प्रीतिसंगमावर पाच किलोमीटर चालणारे लोक ते, आणि मी रोज सकाळी लॅपटॉपपर्यंत चालणारी. ''तू ये सावकाश, वाट एकच आहे,'' म्हणून ते पुढे गेले. मागून आयटीवाले यायचे होते, पण त्यांचं ओढ्यावर फोटोसेशन चालू. म्हणजे अर्धा-पाऊण तास माझ्या पुढेही कोणी नाही, मागेही कोणी नाही.

या पाऊण तासासाठी मी आले होते, नाही का? एकटी, जंगल, शांतता, स्वतःशी संवाद! खरं सांगू, जाम फाटली. तिथलं जंगल दाट, सूर्य खालपर्यंत पोहोचतच नाही. आधी आपल्याच श्वासाचा आवाज येतो. मग आपल्याच छातीचा. मग पाचोळ्यात काहीतरी सरकतं आणि ते सरकणं आपल्या बाजूने येतंय की जातंय, ते कळत नाही. मी फोन काढला. नेटवर्क नाही. ठेवला. परत काढला. मग एका दगडावर बसले आणि चक्क रडू आलं. वाघाच्या भीतीने नाही... म्हणजे, थोडं त्यानेही. पण मला एकदम आठवलं, की २०१९मध्ये ते दोन दिवस फोन लागत नव्हता, तेव्हा मी हेच करत होते. फोन काढायचा, ठेवायचा, परत काढायचा. आणि ऑफिसात बसून कुठल्या तरी फेस्टिव्हल सेलची कॉपी लिहीत होते, कारण प्रोबेशनवर होते आणि सुट्टी मागायची हिंमत झाली नाही. गाड्या बंद होत्या, रस्ते बंद होते, मी गेले असते तरी पोहोचले नसतेच. हे मी सगळ्यांना सांगते. आई-बाबांनीही कधी विषय काढला नाही. पण मी मागितली नव्हती सुट्टी, हे त्या दगडावर बसून मला नीट आठवलं.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. समोरच्या झाडावरून शेकरू उतरलं, ती आपली मोठी तांबडी खार, आणि माझ्याकडे 'आता हिचं काय' अशा नजरेने बघून परत वर गेली. मी नाक पुसलं आणि उठले.

वर पोहोचायला मला अडीच तास लागले. बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं आणि पश्चिमेला तो बाबूकडा. कड्याच्या टोकापासून बऱ्याच अलीकडे बसून खाली बघितलं तरी पोटात गोळा येतो. खाली कोकण, मागे शिवसागर. काकूंनी माझ्यासाठी डबा राखून ठेवला होता. दशम्या, लसणाची चटणी, वर कऱ्हाडचं दही. तिथे एका काकांनी गडाचा इतिहास सुरू केला. १८१७मध्ये पकडलेले दोन इंग्रज अधिकारी इथे कैदेत होते, साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब पेशव्यांनी इथे ठेवलं होतं, १८१८मध्ये इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला. सगळं खरं. पण काकूंनी त्यांना मध्येच तोडलं. ''अहो, ताई तेलिणीचं सांगा ना तिला!''

तर ताई तेलीण. पंतप्रतिनिधींना पेशव्यांच्या कैदेतून सोडवणारी बाई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने हा वासोटा ताब्यात घेऊन पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध कित्येक महिने लढवला. धान्याचं कोठार जळालं, तेव्हा कुठे गड पडला. काकूंनी हे सगळं घरातल्या कुणा आत्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी मनात म्हटलं, हिला कोणी विचारलं असेल का, 'एकट्याच का?'

उतरताना गुलमर्गचं उट्टं निघालं. सह्याद्रीत ज्याला घसारा म्हणतात, म्हणजे सुटी माती आणि बारीक खडी, त्याच्यावर वाळलेला पाचोळा पडला की बर्फ झक मारतो. तिसऱ्या वळणावर माझे दोन्ही पाय पुढे गेले, मी मागे बसले, आणि बसल्या बसल्या चांगली आठ-दहा फूट गेले. सरळ रेषेत! फळ्या न बांधता! काकांनी वरून टाळ्या वाजवल्या. काकूंनी खाली ''लागलं का गं?'' विचारलं आणि मग त्यांनाच एवढं हसू आलं की त्या स्वतः घसरल्या. माझ्या ट्रॅक पँटचा निकाल लागला, पण स्कीइंग झालं. फोटो नाही, कारण फोन माझ्याच हातात होता.

संध्याकाळी बोटीत सगळे दमून गप्प. मामांनी काठाकडे बोट केलं. काठावर सगळीकडे एक आडवी रेघ आहे. तिच्यावर झाडी, तिच्याखाली तांबडी उघडी माती. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, त्याची खूण. मी त्या रेघेचा फोटो काढला. ट्रिपमधला सगळ्यात भिकार फोटो.

कऱ्हाडकरांनी बोटीच्या पैशांत माझा वाटा घ्यायला साफ नकार दिला. शेवटी उरलेले पेढे काकूंच्या पिशवीत कोंबले.

सोमवारी दुपारी घरी पोहोचले. आईने आधी पँट बघितली, मग मला. बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, ''दाखव.'' मी कड्याचे फोटो दाखवले, मारुती दाखवला, धुकं दाखवलं. ते बोटाने भराभर पुढे सरकवत होते. रेघेच्या फोटोवर थांबले. चष्मा कपाळावर घेतला, फोटो मोठा केला.

''ही रेघ कसली?''

सांगितलं. मग मामांचंही सांगितलं, विहिरीचं, साठ सालातल्या पुराचं. मग, का कुणास ठाऊक, दगडावरचंही सांगितलं. सुट्टी मागितली नव्हती, तेही.

बाबांनी फोन खाली ठेवला नाही. रेघेकडेच बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ''बोट अख्खी घ्यावी लागते म्हणालीस?''

''हो.''

''दोघांत परवडते का?''

''नाही परवडत, बाबा.''

''मग तुझ्या आईला घेऊ.'' आणि आत वळून, ''ऐकलंस का गं...''